फ्रिजवरची लाल पाटी

बाबा, हे मी तुमच्या जुन्या नंबरावर टाइप करतोय. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होतो. तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे, डीपीत एक गुटगुटीत बाळ हसतंय.

तुमची ती लाल पाटी आठवते? कारखान्यात मशीन उघडण्याआधी, कोणी वीज चालू करू नये म्हणून तुम्ही मेन स्विचला अडकवायचात ती, ‘आदमी काम पर है’. रंग उडून बाद झालेली एक तुम्ही पिपलानीच्या आपल्या क्वार्टरमध्ये आणलीत आणि आईशी भांडण झालं की फ्रिजच्या हँडलला लटकवायला लागलात. पाटी असेपर्यंत त्या विषयावर कोणी बोलायचं नाही. आईही लावायची, तुमच्यापेक्षा जास्तच. एकदा तुम्ही दोघं गप्प गप्प जेवताय, मला ते सहन होत नाही, मी उठून पाटी काढतो आणि तुम्ही ओरडता, “ज्याने लावली त्यानेच काढायची! दुसऱ्याने काढली की आतला माणूस मरतो, समजलं?” तेव्हा काही समजलं नव्हतं.

कॉलेज मी मध्येच सोडलं, सरांशी भांडून. माझं डोकं तुम्हाला माहीतच आहे. आता आनंद नगरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. माझ्याच वयाची मुलं फुटलेला फोन घेऊन येतात आणि आधी विचारतात, “भैया, चैट तो बच जाएगी ना?” कारण प्रेम मोडलं की चॅटचे स्क्रीनशॉट स्टेटसला लावायचे, अशी रीतच पडलीये. ज्याने आधी लावले तो खरा.

माझंही मोडलं. ती अवधपुरीची, माझ्याच कॉलेजातली. “कुछ दिन मुझे अकेला छोड़ दे,” एवढं लिहून तिने मला सगळीकडे ब्लॉक केलं. मी पेटलो. तिने रडत रडत घरचं जे जे मला लिहिलं होतं, त्या सगळ्याचे मी स्क्रीनशॉट काढून ठेवले. मित्र म्हणाला, “डाल दे भाई, पूरा कॉलेज देखेगा.” फोन हातात धरून मी स्वयंपाकघरात तणतणत होतो, “मला ब्लॉक करते म्हणजे काय?” आई पोळ्या लाटत होती. “लावली असेल पाटी बिचारीने,” म्हणाली, “सरक, तवा तापलाय.”

फ्रिज अजून तोच आहे, बाबा. पाटी कधीच हरवली, हँडलवर तिचा ओरखडा तेवढा राहिलाय. मी त्याच्याकडे बघत राहिलो, मग सगळे स्क्रीनशॉट डिलीट केले आणि नेहमीपेक्षा जास्त पोळ्या खाल्ल्या.

परवा ती दुकानात आली. चार्जिंग होत नव्हतं. मी मान खाली घालून पिन साफ केली. जाताना म्हणाली, “तूने कुछ डाला नहीं. मैं महीनों डरती रही. किसी का भी फोन बजता तो लगता, आ गया.” मला इतकं हलकं वाटलं की पैसे घ्यायचेच राहिले. मालकाने झापलं, “आशिक, दुकान मेरी है!” मी हसतच होतो.

हे पाठवत नाही. त्या बाळाच्या बापाला उगाच कशाला? एकच सांगायचं राहिलं. तिने अजून अनब्लॉक केलेलं नाही, आणि रोज सकाळी शटर उचलायच्या आधी मी ते बघतो. दुकानात सिमकार्डांचा डबा भरलेला आहे, कुठल्याही नंबरावरून फोन लावता येईल. नुसतं बघतो. हात लावत नाही.