बिनखिळ्याच्या वहाणा

मी, येरेमिया ओमोडिंग, राहणार अकादोट, तेसो, युगांडा, धंदा वहाणा शिवणे, जन्म टोळधाडीच्या वर्षीचा म्हणजे वय साधारण पासष्ट, आज घरासमोरच्या चिंचेखाली बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. छाती तितकी शाबूत नाही, असे डॉक्टर सांगतात. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. पत्नी लोयिस दोनदा येऊन "अहो, जेवण गार होतंय" म्हणून गेली, तेवढाच काय तो दबाव.

कलम पहिले. राहते घर, मागचे नाचणीचे शेत, शेळ्या, सायकल व पोस्टातली शिल्लक लोयिसची. माझ्या भावकीने तिला घराबाहेर काढू नये, व रीत म्हणून कुणा दिराच्या पदरीही बांधू नये. ती कुणाचे ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी कागदावर असू द्यावे.

कलम दुसरे. माझे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मुलगा सायमन ह्यास. त्याच्या मधल्या पानांत धर्मशिक्षणाच्या शाळेचे एक पत्र आहे, ते त्याने वाचावे. मी त्याला कधी दाखवले नाही. पाळक होण्याचे पाचारण मला झाले आहे अशी तरुणपणी माझी खात्री होती. शाळेने मला घेतलेही. परंतु मी बोलताना अडखळतो. परीक्षेच्या उपदेशात मी 'प्रभू' शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर इतका वेळ अडकलो, की शेवटी गुरुजींनीच तो शब्द पुरा केला. तेच पत्र हातात देऊन मला परत पाठवले.

परतलो त्या रविवारी चर्चच्या अंगणात आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, झकारिया ओकुरुत सगळ्यांदेखत म्हणाले, "येरेमिया, देवाचं वचन सांगायचं तर ते निदान अंधार पडायच्या आत संपायला हवं ना रे!" लोक हसले. मीही हसलो. नंतर वर्षभर चर्चची पायरी चढलो नाही. पोटासाठी जुने टायर कापून वहाणा करू लागलो, आणि देवाने हाक मारली हा आपल्याला झालेला भास होता, असे ठरवून टाकले.

कलम तिसरे. कापायची रापी, टोचायच्या आऱ्या, पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे, शिवणाचे यंत्र व चिंचेखालची जागा माझ्या हाताखाली काम शिकलेल्या अगुटी हिला द्यावी. सायमन म्हणतो, "बाबा, बोटं झडलेल्या बाईला हत्यारं? लोक काय म्हणतील?" लोकांनी काय म्हणायचे ते म्हणावे. ती रापी तळहाताला पट्ट्याने बांधते, आणि तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो.

अगुटी प्रथम आली तेव्हा विशीची होती, नदीपलीकडच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीतली. माझ्याकडूनच नेलेल्या वहाणेचा पट्टा तुटला होता. ती चालत आली त्या वाटेवर रक्ताचे ठिपके होते. पाय उचलून पाहिला, तर माझ्याच हातचा खिळा तळव्यात रुतलेला.

"अगं, दुखत नाही?" मी विचारले.

"दुखलं असतं तर देवाचे आभार मानले असते, काका," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिचा पाय मांडीवर घेऊन धुतला. पुढे आठ दिवस दुसरे काम केले नाही. तळाला मऊ रबर घातले, पट्टे दोऱ्याने शिवले, खिळा एकही मारला नाही. ती वहाण घालून अगुटी गेली, मग तिच्या वस्तीतले सगळेच येऊ लागले. मी त्यांच्या पायांशी बसायचो, माप घ्यायचो, आणि काय सांगू, त्या वेळी मनात प्रार्थना चालायची ती कुठेच अडखळायची नाही. लोयिस म्हणाली, "देवानं हाक मारली हातांना, आणि तुम्ही धावलात जीभ घेऊन!"

कलम चौथे. हे देण्याघेण्याचे कलम नाही. हे माझ्या अंत्यविधीच्या वेळी मोठ्याने वाचावे.

पाच वर्षांपूर्वी झकारिया ओकुरुत माझ्याकडे आले. त्यांना साखरेचा आजार झाला होता, पाय बधिर झाले होते. "माझ्यासाठीही तसल्या कर," म्हणाले. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात तेच म्हणालो. असे तीनदा. रबर होते, दोरा होता, वेळही होता. फक्त त्या अंगणातले हसू मी अजून गिळले नव्हते. चौथ्या आठवड्यात ते आलेच नाहीत. जुन्या बुटात जखम होऊन चिघळली होती. दोन बोटे कापावी लागली.

ही बातमी आली तेव्हा अगुटी फर्मा घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "काका, त्यांच्या पायांना कळत नाही. तुम्हाला तर कळतं ना?"

मी माप घ्यायची पट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसले होते. गुडघ्यांवर बसलो, आणि मुद्दाम उशीर केला हे कबूल केले. एवढे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला, ते देवालाच ठाऊक. झकारियांनी मध्येच शब्द तोडला नाही, या वेळी थट्टाही केली नाही. शेवटपर्यंत ऐकले. पाय पुढे केले. मग म्हणाले, "नीट माप घे. डावा आता लहान झालाय."

तेव्हापासून दर पावसाळ्याआधी मी त्यांचा जोड नवा करतो. ह्या कागदावर साक्षीला तेच असावेत अशी माझी इच्छा होती. त्यांच्यासाठी काही ठेवायचेही मनात होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे कळले. त्यांना सांगितले, तर म्हणाले, "आण इकडे कागद. मला काय कमी दिलंस?"

कलम पाचवे. मला चिंचेपासून लांब, शेताच्या बांधाला पुरावे. मुळे तोडू नयेत, गिऱ्हाइकांना सावली लागते. दगडावर 'सेवक' वगैरे कोरू नये. धंदा लिहिला तरी पुरे.

फळीवर तीन जोड अर्धवट आहेत, वस्तीतल्या तिघांचे. मापे खडूने लिहिली आहेत. मी गेलो त्या दिवशी अगुटीने रडायला माझ्याजवळ बसू नये. आधी ते जोड पुरे करावेत, माणसांच्या पायात घालून पाहावेत, आणि मग मला उचलावे. पाळकांना घाई असली, तरी थांबवावे. मी थांबेन. वाटेवर काटे फार आहेत, आणि त्या तिघांना दुसऱ्या दिवशी चालायचे आहे.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

येरेमिया ओमोडिंग

आमच्यादेखत सही केली:
१. झकारिया ओकुरुत, मंडळीचे वडील
२. जेन अमोंगिन, मुख्याध्यापिका

अकादोट, दि. ९ मार्च १९९४