सातही पंखे बाहेर

३ एप्रिल, शुक्रवार

कॉम्प्युटर परत बंद पडला. रेंडर लावलं की थोडा वेळ बरा असतो, मग आतला पंखा कोकलायला लागतो, मग एकदम गप्प. स्क्रीन काळा. आणि मग ही.

ही म्हणजे बायको. तिचं शाळेच्या इमारतीचं काम चालू आहे. इमारत अजून बांधलेलीच नाही, पण कॅमेरा तिच्यातून फिरतोय असा व्हिडिओ करायचा. वॉकथ्रू म्हणतात. कॉम्प्युटर त्यातलं एकेक चित्र रंगवून काढतो, ते रेंडर. वीस तारखेला आर्किटेक्ट बाईंना दाखवायचाय. पसंत पडला तर बाई हिला कायमची ठेवून घेणार. चार वर्षं कॉम्प्युटरवर लोकांच्या किचनच्या ट्रॉल्या रंगवत बसलीय बिचारी, त्यातून सुटेल. तेव्हा मामला सीरियस आहे. मला कळतं.

तर तिने काय करावं? कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन ठेवला, फुल स्पीड. दुपारभर रेंडर चाललं. एकदाही बंद पडलं नाही.

हा काय उपाय झाला? ताप आलेल्या माणसाचा शर्ट काढून ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, बरा झाला. मी म्हटलं, मी हे मुळापासून सोडवतो. ती म्हणाली, अरे बाबा, वीस तारखेपर्यंत हात लावू नकोस, पाया पडते तुझ्या.

मला त्रास नको म्हणून म्हणते. स्वभावच आहे तिचा.

संकल्प: वीसच्या आत हिच्यासाठी बर्फासारखा गार कॉम्प्युटर. टेबलफॅनशिवाय.

४ एप्रिल, शनिवार

दिवसभर अभ्यास. म्हणजे व्हिडिओ. निष्कर्ष: केस, म्हणजे बाहेरचा डबा, फार लहान, प्रोसेसरवरचा कूलर जुनाट, आणि हवा कुठून कुठे जाणार याचा आजवर कुणी विचारच केलेला नाही. (कॉम्प्युटर मीच जुळवला होता, पण तेव्हा मी वेगळा माणूस होतो.)

ऑर्डर केलं: मोठी केस, तीन बाजूंनी काच. पाण्यावर चालणारा कूलर, त्याला गाडीला असतो तसा रेडिएटर. सात पंखे. पंख्यांत रंगीत दिवे. दिव्यांनी गार होत नाही हे मला माहीत आहे. पण मनाला बरं वाटतं, त्याचं काय?

हिला सांगितलं. म्हणाली, घरात माणसांना कूलर नाही. मी खूप हसलो. ती जोक करत नव्हती हे जरा उशिरा लक्षात आलं.

आईचा फोन. म्हटलं, घाईत आहे गं, केस बदलतोय.  आई म्हणाली, बरं झालं रे, मी बोलणारच होते, तुझ्या बाबांचेही तिशीतच गेले. म्हटलं, आई, डोक्याचे नाही, कॉम्प्युटरची. म्हणाली, हो हो, कॉम्प्युटरनेच जातात.

७ एप्रिल, मंगळवार

आमचं ऑफिस बिघडलेल्या वस्तूंचे इन्शुरन्स क्लेम तपासतं. लोक फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडतात आणि अर्जात लिहितात, अचानक गॅस गेला. मी शिक्का मारतो: ग्राहकाची हाताळणी. नामंजूर. लोकांना साधं कळत नाही हो. वस्तूला हात लावण्याआधी माहिती तर घ्या.

शेजारच्या टेबलावर आमचे सर्वज्ञ बसतात. त्यांना जगातलं सगळं येतं म्हणून नाव पडलं. त्यांना माझा प्लॅन सांगितला. म्हणाले, पंख्यांचं लॉजिक सोपंय राव, गरम हवा आत कशाला ठेवायची? बाहेर काढा. बास.

इतकं सोपं! व्हिडिओवाले उगाच बाणबिण काढून तासभर बोलतात.

घरी टेबलफॅन चालू. हिचं रेंडर चालू. मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बघवत नाही.

११ एप्रिल, शनिवार

कूलर आला. केस यायचीय. ही तासाभरासाठी बहिणीकडे गेली. जाताना दारातून परत वळून म्हणाली, हात लावणार नाहीस ना? म्हटलं, वेडी आहेस का.

हात लावणार नव्हतोच. फक्त बघणार होतो. नवा कूलर जुन्याच्या जागी बसतो का, एवढंच माप. आता माप घ्यायचं तर जुना काढायला नको?

चारही स्क्रू काढले. कूलर हलेना. कूलर आणि प्रोसेसरच्या मध्ये उष्णता वाहून न्यायला लावतात ती पेस्ट वाळून सिमेंट झालेली. जरा ओढला. जरा आणखी ओढला. मग एकदम कट्‌ असा आवाज झाला आणि कूलर हातात आला.

प्रोसेसरसकट.

म्हणजे प्रोसेसर खाली त्याच्या खाचेत लॉक करून बसलेला होता, तो लॉक न उघडताच उपटून कूलरच्या बुडाला चिकटून वर आला. त्याच्या खाली केसांसारख्या बारीक पिना असतात. शेकडो. एका कोपऱ्यातल्या आडव्या झाल्या, वाऱ्याने गवत झोपावं तशा.

पेस्ट निकृष्ट. कंपनीची चूक. आमच्या ऑफिसात अशा प्रकाराला ग्राहकाची हाताळणी म्हणतात, पण माझी केस वेगळी आहे.

ही आली. टेबलावर पाहिलं.  खुर्चीत बसली, बॅग खांद्यावर तशीच. मग एकच विचारलं, चालू होईल का?

म्हटलं, आता तर कुठे सुरुवात आहे.

१२ एप्रिल, रविवार

पिना सरळ करतोय. शिसपेन्सिल नव्हे, ती खटका दाबायची पेन्सिल असते ना, तिचं शिसं काढायचं आणि टोकाची नळी पिनेवर घालून हळूच उभी करायची. एका व्हिडिओत बघितलं. त्यातल्या माणसाचा हात थरथरत नव्हता.

ही बहिणीचा लॅपटॉप घेऊन आली. पेनड्राइव्हवर मागच्या आठवड्याची फाइल होती, ती त्यात घातली. मेहुणी स्वतः सोडायला आली होती. मला म्हणाली, काय जिजाजी, ऑपरेशन सक्सेसफुल? पेशंट कुठाय? फाजील आहे. दुर्लक्ष केलं.

१४ एप्रिल, मंगळवार

लॅपटॉपवर रेंडर म्हणजे बैलगाडीत विमानाचं सामान. शाळेचा जिना चढायला त्याला अख्खी सकाळ लागली. ही खुर्चीत पाय वर घेऊन त्या टक्क्यांच्या आकड्याकडे बघत असते. मी म्हटलं, अगं, बघून तो लवकर होत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. परत आकड्याकडे पाहिलं. आकडा जास्त आवडला असावा.

केस आली. भव्य! टेबलाखाली जात नाही. टेबलावर ठेवली तर वर मॉनिटरला जागा नाही. तूर्त जेवणाच्या टेबलावर. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवलो. हॉटेलात लोक याला बुफे म्हणतात.

पिना सगळ्या उभ्या झाल्या. एक जरा तिरकी आहे. स्वभाव म्हणायचा.

१६ एप्रिल, गुरुवार

रजा. सांगताना सर्वज्ञांना म्हटलं, घरी मेडिकल आहे.

प्रोसेसर बसला. पेस्ट लावली. कूलर बसला. रेडिएटर वर बसला. सात पंखे, सातही बाहेर फेकणारे. पुढचे तीन, वरचे तीन, मागचा एक. कोणत्याही दिशेने गरम हवेला सुटका. नुसते पंखे चालवून मागच्या फटीला कागद लावून बघितला, फटकन चिकटला. काय ओढ आहे!

ही चहा घेऊन उभी होती. बघत होती. म्हणाली, सगळे बाहेरच? म्हटलं, सगळे. म्हणाली, मग आत हवा येणार कुठून?

म्हटलं, फटी आहेत ना.

कपाकडे बघत म्हणाली, तुझंही तसंच आहे. नुसतं बाहेर फेकायचं. कुणी सांगितलेलं आत घ्यायला एक पंखा नाही.

चला, एअरफ्लोमध्ये इंटरेस्ट यायला लागला तिला.

बटण दाबलं. दिवे लागले. निळा, जांभळा, गुलाबी. पंखे फिरले. स्क्रीन काळा. परत दाबलं. काळा. दिवे मात्र अप्रतिम.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मला ते पटलेलं नाही.

सकाळी ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन केससमोर उभी. म्हणाली, माझी ताजी फाइल कुठल्या वस्तूत आहे ते दाखव. म्हटलं, डिस्कमध्ये, पण ती अशी काढता येत नाही, त्याला एक पद्धत असते. ती म्हणाली, दाखव. दाखवली. च्युइंगमच्या पाकिटाएवढी पट्टी, एक स्क्रू. तिने स्क्रू काढला, पट्टी ओढली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली. संपलं. कट्‌ असा आवाजसुद्धा आला नाही.

लॅपटॉपवर वेळेत होत नाहीये. म्हणून आर्किटेक्ट बाईंना फोन केला म्हणे, खरं काय ते सांगितलं. बाई म्हणाल्या, ऑफिसात एक मशीन रिकामं आहे, ये. म्हटलं, खरं काय ते म्हणजे काय सांगितलंस? म्हणाली, घरी मशीनचं काम निघालं. म्हटलं, एवढंच? म्हणाली, एवढंच रे, तुझं नाव नाही घेतलं.

घ्यायला हरकत नव्हती. काम मोठंच काढलंय.

मी म्हटलं, तू परक्या मशीनवर धावाधाव करू नकोस, मी रविवारपर्यंत देतो. ती बूट घालत होती. हो म्हणाली. लहान मुलांना म्हणतात तसं.

१९ एप्रिल, रविवार

ही ऑफिसात. रविवार असून. घरात मी आणि काच.

सगळं उघडलं, परत लावलं. काळा. परत उघडलं. ती तिरकी पीन. मी तिला समजावलं, मग दम दिला, मग पेन्सिलीने उभी केली. लावलं. काळा. रॅमच्या पट्ट्या काढून घातल्या. काळा. मी डोकं धरून जमिनीवर बसलो तर मांडीला दिव्यांचे रंग. निळी मांडी, जांभळी मांडी. लाज वाटली. कुणाची ते सांगता येणार नाही.

ही संध्याकाळी आली. डोळे लाल. झालं का, मी विचारलं. नव्वद टक्के, म्हणाली. तुझं? मीही म्हटलं, नव्वद.

२० एप्रिल, सोमवार

चालू झाला!!!

अर्धी रजा. (सर्वज्ञ म्हणाले, मेडिकल अजून संपलं नाही का? म्हटलं, आयसीयूत आहे.) रॅमची एक पट्टी पुरती बसलेली नव्हती. अंगठ्याने दाबली, टिक्‌, आणि स्क्रीनवर अक्षरं! पहिलंच पान, ज्यावर मशीन स्वतःची तब्येत सांगतं. प्रोसेसरचं तापमान बत्तीस. बत्तीस! पूर्वी नव्वदच्या वर जायचा.

खाली एक ओळ होती, डिस्क सापडली नाही. बरोबर आहे, ती पर्समध्ये आहे. किरकोळ.

लगेच फोटो काढून हिला पाठवला. दिव्यांसकट. वर लिहिलं, वेळेत दिला की नाही? वीस तारीख!

दुपारभर उत्तर नाही. मग एक मेसेज: पसंत पडलं!!

दोन उद्गारचिन्हं. मला भरून आलं. इतके दिवस एका शब्दाने कौतुक केलं नव्हतं, पण बघा, काम बोलतं. मी परत लिहिलं, दिव्यांचा रंग बदलताही येतो. तिने अंगठा पाठवला.

२१ एप्रिल, मंगळवार

शाळा पसंत पडली. दिवे नव्हेत.

एक तारखेपासून ही आर्किटेक्ट बाईंकडे. कायमची. तेच टेबल, तेच रिकामं मशीन, आता हिचं. सांगताना जिन्याचा सीन हातांनी करून दाखवला. कॅमेरा वर जातो, खिडकीतून ऊन येतं, आणि बाईंनी म्हणे नुसती मान हलवली, तीन वेळा. मेहुणी मिठाई घेऊन आली. मीही आनंदात होतो. खरंच होतो. बत्तीसबद्दल सांगायला दोन-तीनदा तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी कुणीतरी मिठाई घातली.

शेवटी झोपताना ही म्हणाली, ते दिवे बंद कर ना, डोळ्यावर येतात. म्हटलं, कुठला रंग? म्हणाली, सगळे.

२४ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस बत्तीस. स्थिर. क्वचित तेहतीस होतं, पण तेव्हा मी जवळ वाकलेला असतो.

पुढचा टप्पा म्हणजे लोड टेस्ट. तापवून बघायचं. त्यासाठी डिस्क पाहिजे. हिला म्हटलं, ती पट्टी परत आण. म्हणाली, ती आता तिकडच्या मशीनमध्ये आहे, त्यावर कामं चालू आहेत, तू दुसरी आण. चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. ऑफिसचा डबा भरत होती, गाणं गुणगुणत होती.

ठीक आहे. स्वतंत्र डिस्क. स्वतःची. ऑफिस सुटल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंना मॉडेल सांगितलं, कूलर सांगितला, सात पंखे सांगितले. त्या ऐकून घेत होत्या. मग विचारलं, डिस्क कोणत्या वापरासाठी हवी? गेम्स, एडिटिंग, की नुसतं ऑफिसचं काम? त्याप्रमाणे देते.

मी उभा राहिलो. गेम मी खेळत नाही. एडिट करायला काही नाही. ऑफिसचं ऑफिसात होतं. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यातल्या एकाने घसा खाकरला.

म्हटलं, घरी विचारून येतो.