नॉच टेकडीच्या झऱ्याबद्दल मी लपवलेले

मी, अल्माइरा टेनी, वय वर्षे ७४, कै. जोसाया टेनी यांची विधवा, राहणार पाइक्स नॉच, न्यू हॅम्पशायर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवते. परवा बुधवारी माझे पोट फाडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. म्हणूनच लिहायला बसले.

१. राहते घर आणि सफरचंदाचा रस काढायचा घाणा माझा धाकटा भाऊ एज्रा हॉइट, दातांचा डॉक्टर, याला. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. १९५७च्या ग्रामसभेत, दात किडू नयेत यासाठी नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालावे, म्हणून याने हात वर केला. मी भर सभेत म्हणाले, "उद्या सरकार आमचं सूप ढवळायला येईल, तेव्हा पळी तूच धर!" तो एवढेच म्हणाला, "ताई, पोरांच्या किडक्या दाढा मी उपटतो, तू नाहीस." तीन मतांनी आम्ही हरलो. घाण्याचा दांडा त्यानेच मोडलाय, त्यानेच बसवावा.

२. टेकडीवरचा, माझ्या जमिनीतला झरा. हरलो त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी तो सर्वांना मोकळा केला. तेव्हापासून बावीस घरची माणसे दर शनिवारी दुधाचे कॅन घेऊन येतात. नळाचे पाणी चहालासुद्धा घेत नाहीत. "यात कुणी काही कालवलेलं नाही," असे मी प्रत्येकाला सांगत आले.

गेल्या ऑक्टोबरात एज्राची जिरवावी म्हणून मी झऱ्याचे पाणी राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आले: फ्लोराइड नळाच्या चौपट. आमच्या खडकातूनच उतरते म्हणे. त्याने लहान मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, हेही लिहिले होते. ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली सारले आणि पाच महिने गप्प बसले.

शेजारच्या कार्ल आणि एडिथ लेव्हिटची लोइस नऊ वर्षांची आहे. हसताना तोंडावर हात धरते. मी तिला म्हणायची, "अगं, जरा नीट घास की!" जळो माझी जीभ.

३. बँकेतली सगळी शिल्लक झऱ्याचे पाणी प्यायलेल्या पोरांच्या दातांसाठी. ती कशी खर्चायची ते एज्राने ठरवावे.

४. माझे मत बदललेले नाही. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या पाण्यात काही घालू नये. पण मी तरी कोणाला विचारले? मी तर ठाऊक असून पाजले.

५. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडावा, असे आधी लिहिले होते. ते खोडले आहे. मी जगले तर? मग लोइसने आणखी दहा वर्षे तेच प्यायचे? उद्या ग्रामसभेत फ्लोराइड बंद करण्यावर मतदान आहे, आणि आमच्या बाजूने पहिली बोलणार मीच. तिथे उभी राहून हेच वाचेन. आम्ही हरू. हरलो तर हरलो. झऱ्याला आज सकाळी कुलूप घातले.

साक्षीदारांनी आधी वाचावे, मग सही करावी.

अल्माइरा टेनी
पाइक्स नॉच, सोमवार, ११ मार्च १९६८

साक्षीदार:

होरेस बीन, गावचा कारकून

कार्ल लेव्हिट

एडिथ लेव्हिट. वाचले. ही सही साक्षीपुरती आहे, अल्माइराबाई, माफी समजू नका. गावाला उद्या सांगा. लोइसला आजच सांगायचे, आणि तुम्ही स्वतः येऊन.