सतराला थांबणारा डीलर

ईडन प्रेरी, ३ मार्च २०२५

ती. दिगंबरकाकांना सा. न. वि. वि.

आधी चूक कबूल करते. पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचं याचा ब्लॅकजॅकचा तक्ता पाठवला, त्यासोबत मी लिहिलं होतं, की डीलर कुठल्याही सतराला थांबतो. तुमची बस जाते त्या कॅसिनोत तो थांबत नाही. काल फोन करून विचारलं, खात्री होईना म्हणून आज पुन्हा. तीच बाई होती; वैतागून तिने नियम वाचून दाखवला. एक्का आणि सहा, म्हणजे सॉफ्ट सतरा, आले तर डीलर आणखी एक पत्ता घेतोच. एक्का अकराचा एक होऊ शकतो, म्हणून त्या पत्त्याने तो एकवीसच्या वर जाऊन बुडत नाही. कॅसिनोचं पारडं त्यामुळे साधारण एक पंचमांश टक्का जड होतं.

तक्त्यातल्या काही चौकटीही चुकतात. आपल्या पत्त्यांची बेरीज अकरा आणि डीलरचा एक्का असेल तिथे मी नुसता पत्ता घ्या म्हटलंय. पैज दुप्पट करायला हवी. घरी तुम्ही पत्ते वाटायचात आणि सतराला कायम थांबायचात. सगळीकडे तसंच असणार, असं मी धरून चालले.

तुमच्या मित्राने, संजीवकाकांनी, तक्ता लॅमिनेट करून बसमधल्या सहा जणांना वाटला हे कळल्यापासून जेवण जात नाही. तेवढे परत घ्याल ना? काकूंना नमस्कार.

तुमची देवयानी

पार्सिपनी, १० मार्च

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

एक पंचमांश टक्क्यासाठी जेवण टाकलंस म्हणे! 'आमची पुतणी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करते, तिचा तक्ता आहे' असं मी सगळ्या बसला ऐकवलंय. आता परत मागितला तर संजीव वर्षभर पिडेल. राहू दे. तुझी काकू म्हणते, निम्मे लोक बुफेसाठीच जातात.

आणि ऐक. खरा नियम मला तेव्हाही ठाऊक होता. पण हरलीस की तू सात वर्षांची बया पत्ते उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचीस. म्हणून एक्का-सहाला मी थांबायचो. चूक माझी समज आणि जेव.

तुझा काका

ईडन प्रेरी, १७ मार्च

ती. काकांना सा. न.

पत्र तीनदा वाचलं. हसू आलं, पण जेवण गेलं नाही. काल त्या सहा जणांपैकी पद्मिनीकाकूंचा फोन होता. गेल्या खेपेला त्यांचे अकरा झाले, समोर एक्का. दुप्पट करावंसं वाटत होतं, पण देवयानीच्या तक्त्यात नाही म्हणून केलं नाही, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. एका डावाने काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण त्यांचं बरोबर होतं आणि मी त्यांना अडवलं.

तुम्ही माझ्यासाठी थांबत होतात, काका. तिथला डीलर पद्मिनीकाकूंसाठी थांबणार नाही.

नवे सहा तक्ते छापलेत. संजीवकाकांना मीच सांगेन. पिडायचं तर मला पिडू देत. तुम्ही रागावलात तरी माया आटू देऊ नका. विमानाचं तिकीट काढलंय; बस सुटण्याआधी मी तिथे उभी असेन: गुरुवार, २७ मार्च, सकाळी साडेआठ.

देवयानी