तांब्याच्या सेंटांचा डाव पुढे चालू ठेवण्याबाबत

मी, ल्युएला ब्रूबेकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मानगुटीवर बसलेलं नसताना हे लिहून ठेवते. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

१. राहतं घर मुलगी व्हर्ना हिला. छप्पर गळतं, तेही तिलाच.

२. दीर क्लाइड यांनी माझा १७९४ सालचा तांब्याचा सेंट, एवढं जुनं नाणं, टूथपेस्टनं घासला आणि वर म्हणाले, "वहिनी, बघा, कसा नवाकोरा झाला." दोनशे वर्षांचा तपकिरी रंग मोरीत गेला. तो सेंट त्यांना द्यावा, सोबत टूथपेस्टची एक नळी. आणखी काही मागू नये.

३. बाकीचे सगळे सेंट व्हर्नाला. ती म्हणते, "आई, सगळे सारखेच तर दिसतात." अगं, साचे हातानं कोरलेले, एकाच सालात नाण्यावरच्या बाईची बट कुठे वळते, कुठे सुटते. त्या बटांवरून मी आणि माझ्यासारखाच नाणी जमवणारा डेल्मर हेस चाळीस वर्षं भांडलो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचा डाव असतो: एकाच साच्याचा एकेक सेंट दोघांनी मांडायचा, ज्याचा सरस त्याला गुण. डेल्मरनं सुखासुखी एक गुण दिला नाही. मेला हट्टी.

४. क्लाइड एव्हाना रागानं उठले असतील. वकिलांनी डेल्मरला त्यांची समजूत काढायला अंगणात पाठवावं आणि दार लावून हे कलम वाचावं. डेल्मरचे कान तिखट आहेत.

गेल्या वसंतात मी चुकून सेंट पालथा मांडला, बाई खाली, मागची पानांची माळ वर. डेल्मरनं बराच वेळ भिंग धरलं आणि म्हणाला, "ल्युएला, हिचे केस काय सुरेख राहिलेत गं. गुण तुझा." जिंकून मला रडू आलं. त्याला दिसत नाही, आणि ते कोणाला कळलेलं त्याला खपणार नाही. तेव्हापासून मी रडीचा डाव खेळते. कोण जिंकणार ते मीच ठरवते.

म्हणून अट अशी की डेल्मर आहे तोवर एकही सेंट विकू नये. पहिल्या शनिवारी व्हर्नानं माझ्या खुर्चीत बसावं. तो म्हणेल ते मान्य करावं, पण आधी भरपूर भांडावं, नाहीतर त्याला संशय येईल.

५. आता डेल्मरला आत बोलवावं आणि एवढंच मोठ्यानं वाचावं: डेल्मर, मला तू फार आवडायचास. घाल आता वाद.

सही: ल्युएला ब्रूबेकर
आमच्यासमोर सही केली, हसत होत्या: इर्मा कॉफमन, शेजारीण; लिरॉय गाइगर, न्हावी
लँकेस्टर, १४ ऑक्टोबर २००६