पाचशे हर्ट्झची पट्टी

७ सप्टेंबर, रविवार

सही केली नाही! क्लबमधल्या एकवीस जणांनी केली. कागद माझ्यापुढे आला तसा मी पुढे सरकवला.

अर्ज परवाना कार्यालयाला जायचा आहे. आम्हा हौशी रेडिओवाल्यांना जी जागा दिलेली आहे, तिच्या तळाशी एक अरुंद पट्टी. तिथे पाचशे हर्ट्झहून रुंद काही पाठवायचं नाही, हा जुना नियम. ठिपके-रेघांचा मोर्स त्यात सुखाने मावतो. शेजारी शेजारी वीस जण बोलले तरी कुणाचा कुणाला धक्का नाही. हा नियमच उठवा म्हणे. म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेले रुंद संच तिथेही टपाल ओतायला मोकळे. आणि ते संच ऐकून घेत नाहीत. आपण आधी ऐकतो, मग विचारतो – जागा रिकामी आहे का? – मग मोर्स ठोकायच्या कीला हात लावतो. यंत्राला कसली आलीय विचारपूस!

अध्यक्ष आमचे दातांचे डॉक्टर. म्हणाले, जमाना कुठे गेला आणि तुम्ही सायकलींसाठी हमरस्ता अडवून बसलात. सगळे हसले. मी म्हटलं, "हमरस्ता तुमच्याकडेच आहे डॉक्टर. ही पायवाट आहे. तीही हवी?"

यावर कुणी हसलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी सहा दहाला शिंपीकाका. नेहमीप्रमाणे.

त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झाल्याला चार वर्षं झाली. आवाज गेला तो गेलाच. दुकानात गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलतात. बिस्किटाच्या डब्यात बसवलेला संच, पाच वॅट. मुंगीच्या पावलांसारखा येतो. तेवढ्या सकाळी त्या बारीक आवाजाला उत्तर देणारा मी एकटाच. समोरासमोर कधी भेटलो नाही, पण आज त्यांनी विचारलं – सुनेने भाजीत मीठ जास्त घातलं तर पाटीवर लिहावं की गिळावं? मी म्हटलं, गिळावं. म्हणाले, गळा दुखतो. आणि हसण्याची खूण पाठवली.

त्या पट्टीत रुंद संच शिरले की हा माणूस मुका होणार. पुन्हा एकदा. मी हे होऊ देणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

२९ तारखेला सुनावणी आहे. विरोध करायचा तर पुरावा हवा. आठवडाभर पाच मोर्सवाल्यांना पत्रं लिहिली – पट्टीत गोंगाट कधी आला, तारीख-वेळ कळवा. धडाधड उत्तरं आली. एकूण तेवीस तक्रारी! एकाने लिहिलंय, 'कुणीतरी दार ठोठावत जावं तसा आवाज, दोन्हीकडे दूरवर पसरलेला.' डॉक्टरांची यंत्रंच, दुसरं कोण?

देवापुढे बसलो तेव्हाही मनात तेवीसचाच आकडा. बरं नव्हे, पण खरं आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कारखान्यातून आल्यावर तक्रारी पक्क्या कागदावर उतरवायला घेतल्या. तारीख, वेळ. तारीख, वेळ.

सहा बारा. सहा पंचवीस. सहा एकोणीस. सहा अडतीस.

हात थांबला. कधी कुणाशी बोललो ते टिपलेलं माझं लॉगबुक काढलं. १२ ते १६ ऑगस्ट मी तापाने पडलो होतो. त्या पाच दिवसांत एकही तक्रार नाही. सतराला पुन्हा बसलो. सतराला तक्रार.

तेवीसपैकी एकोणीस माझ्या सकाळच्या अर्ध्या तासात, सहा दहा ते सहा चाळीस.

जेवलो नाही. हिने विचारलं, काय झालं. म्हटलं, उद्या मोजून सांगतो.

२० सप्टेंबर, शनिवार

मोजल्याशिवाय मानायचं नाही. लेथवर तीस वर्षं तेच केलंय. दुपारी हिला छोटा रिसीव्हर देऊन तिच्या बहिणीकडे पाठवलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. फोन कानाला लावून मी इकडे की दाबतो, ती तिकडे चकती फिरवते.

"इथे शिट्टी येतेय," ती म्हणाली.

पुढे जा म्हटलं.

"आता शिट्टी नाही. टकटक आहे." मग – "इथेही टकटक." मग बऱ्याच वेळाने – "अहो, अजून आहेच की! माणूस आहात की सुतारपक्षी?"

मागून मेहुणीचं हसणं ऐकू आलं. मी फोन ठेवला.

कारण मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कीच्या तारेवरचा कपॅसिटर, ठिपक्याच्या कडा मऊ करणारा तो छोटा भाग, मी स्वतः काढला. ठिपका कसा कडक वाजावा, कोरा करकरीत, ऐकणाऱ्याने म्हणावं वा! कडांना धार चढवली आणि ती धार दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना कापत गेली. लेथवर नव्या कामगारांना मीच दटावतो – कड मारा, नाहीतर कुणाचातरी हात कापेल.

कपॅसिटर बसवायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं! त्यासाठी पाच जणांच्या तीन वर्षांच्या सकाळी.

२१ सप्टेंबर, रविवार

शिंपीकाकांना सगळं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. मी बोलत असताना ते चकती आजूबाजूला कशाला फिरवतील? म्हणाले – शिवण उसवलीय, कापड शाबूत आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बोका आला होता. मिशांवरून पडलेलं नाव. क्लबात मनातून माझ्या बाजूचा तेवढा तो एकच, सही मात्र करून बसलाय. तक्रारी चाळल्या, लॉगबुक चाळलं, आणि मिशा चोळत म्हणाला, "तारखा राहू देत. वेळा तेवढ्या गाळा. कोण विचारतंय?"

मी कागद परत माझ्याकडे ओढले.

म्हणाला, "दादा, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर निदान पाय तरी आपलाच असावा. इथे त्या म्हाताऱ्याचा पाय आहे."

हे लागलं. तो गेल्यावरही लागत राहिलं. वेळा गाळल्या तर पट्टी वाचते. शिंपीकाका वाचतात. खोटं असं काही लिहायचंही नाही, नुसता एक रकाना सोडायचा.

देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. रिकामा रकाना पुढे ठेवून त्याच्याकडून काय मागणार?

२९ सप्टेंबर, सोमवार

सुनावणी झाली. लांबट खोली, वरच्या टोकाला अधिकारी बाई, चष्मा डोक्यावर. डॉक्टर आधी बोलले. छान बोलले. समुद्रातल्या बोटींची पत्रं, दुर्गम वस्त्यांतून येणारे निरोप, रुंदी मिळाली तर चारपट वेगाने जातील. त्यात चूक काही नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या मान्य करावं लागलं. शेवटी म्हणाले, दोन-तीन माणसांच्या टकटकीसाठी किती जणांनी थांबायचं?

माझी पाळी आली. तेवीस तक्रारी ठेवल्या, वेळांसकट. वर लॉगबुक ठेवलं.

"यातल्या चार यंत्रांच्या आहेत," मी म्हटलं. "एकोणीस माझ्या."

डॉक्टर चक्क उठून उभे राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि विचारलं, मग तुम्ही विरोध कशाच्या बळावर करताय?

म्हटलं, याच्याच. मोर्स चांगला आणि यंत्र वाईट, असं मी आजवर समजत होतो. ते चुकलं. रुंद होतो तो दुसऱ्याला दाबतो, मग तो मी असो की डॉक्टर. मला माझा गोंगाट तीन वर्षं ऐकू आला नाही, कारण तो करताना कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून तर मोजायला नियम लागतो. त्या पट्टीत पाच वॅटवर बोलणारा एक शिंपी आहे, त्याला दुसरा आवाज नाही. मला शिक्षा करा, पण पट्टी ठेवा.

कागद बाईंकडे सरकवले आणि जागेवर येऊन बसलो. आवाज नाही.

बाहेर डॉक्टर भेटले. मला वाटलं, आता टोमणा. विचारलं एवढंच, की तो पाच वॅटवाला शिंपी कोण. सांगितलं. "हं," म्हणाले आणि गाडीत बसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

निकाल काल संध्याकाळी आला. पट्टी राहिली. पाचशे हर्ट्झची मर्यादा यापुढे सर्वांना, मोर्ससकट, आणि मोजून.

दुसरं पान माझ्यासाठी. संच तपासून होईपर्यंत प्रक्षेपण बंद. तपासणीची रांग तीन महिन्यांची. कपॅसिटर बसवलाय, हे त्यांना मोजूनच कळायला हवं. बरोबरच आहे. माझंच वाक्य आहे ते.

हुकूम उद्यापासून लागू, म्हणून आज सकाळी शेवटचं बोललो. काकांना म्हटलं, तीन महिने मी नुसता ऐकेन. म्हणाले, मी हाक मारत राहीन, सवय मोडायची नाही.

बोका म्हणतो, जिंकून घरी बसलात. बसलो. उलट वेळा गाळून जिंकलो असतो तर कीला हात लावायचीच लाज वाटली असती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सहा दहा. काका हाक मारतात. थांबतात. पुन्हा हाक. कानाला हेडफोन आणि हात मांडीखाली घालून बसलो. सहा वेळा हाक. मग शांत.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज नऊ वेळा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सहा दहा. काकांची हाक. एकदा, दोनदा. आणि उत्तर आलं! अगदी हळू, अडखळत, एक अक्षर चुकून पुन्हा पाठवलेलं. आधी – जागा रिकामी आहे का? मग काकांचं नाव. मग स्वतःची परवान्यावरची खूण.

दातांचे डॉक्टर.

काकांनी वेग निम्म्यावर आणला आणि विचारलं, तब्येत कशी आहे.