सहीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

७ ऑक्टोबर, मंगळवार
दिवसभरात पासपोर्ट फोटोची दोन गिऱ्हाइकं. बाकी वेळ स्टुडिओत डुलक्या. संध्याकाळी किन्हीराजाहून मामाचा फोन. घसा तीन महिने बसलेला आहे, ते माहीत होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आता गाठ सांगितली. २७ला ऑपरेशन. नंतर आवाज राहील का, तर म्हणे आत्ता सांगता येत नाही.
"राजू, लेका, तुह्या कॅमेऱ्यात गानं येते ना? मंग एकडाव येऊन घेऊन जाय. माह्यावालं सहीचं गानं तरी घे."
चाळीस वर्षं गावोगावच्या जयंत्या गाजवलेला माणूस, आणि त्याचं एक धड रेकॉर्डिंग नाही. सख्ख्या भाच्याचा कारंज्यात फोटो स्टुडिओ असून. लाज वाटली. शनिवारी येतो म्हटलं.

९ ऑक्टो.
कॅमेरा मूळचा फोटोचा. व्हिडिओ घेतो, एचडी घेतो, पण उपकार केल्यासारखा. बारा मिनिटं झाली की आपोआप बंद पडतो, पुन्हा बटण दाबायचं. अंधारात त्याला स्वतःहून फोकस सापडत नाही, लेन्सची रिंग हातानं फिरवावी लागते. वीस वर्षं तेच केलं. हल्ली मात्र मागची स्क्रीन हातभर लांब धरल्याशिवाय...
चाळीशी करून आणली आहे. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. डोळे गेलेल्या फोटोग्राफरला लग्नाचं काम कोण देईल? सुजाता म्हणते, "लावून त पाहा. कोनी हासलं त मले सांगा." बोलायला बायकोचं काय जातं.

१२ ऑक्टो., रविवार
काल रात्रीचं आज लिहितोय. अंग आंबून गेलंय. जाऊन-येऊन तीन तास गाडीवर.
मामाला म्हटलं होतं, दुपारी घेऊ, उजेड चांगला असतो. ऐकलं नाही. "दिवसा माहा गळा उघडत नाही. अन् लोकं सोयाबीन सोंगाले गेले. कोरस कोन धरीन, म्हशी?" मग रात्री, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, विहाराच्या अंगणात.
मी सोबत मोठा लाईट नेला होता. मामानं तो लावूच दिला नाही. या दिवसांत उजेड केला की दिव्यावर किडे-पाखरांचे थवे येतात. गाणाऱ्यानं आ केला की एक आत. "एका जयंतीत जितं पाखरू गिळलं म्या, पन कडवं सोडलं नाही. आता या घशात पाखरू नोको." मामी हसली. दूर खांबावरचा एकच बल्ब, तेवढ्यात काम भागवायचं. लेन्स सताड उघडी, कमी उजेडात दिसावं म्हणून कॅमेरा जितका ताणता येईल तितका ताणलेला. अशा वेळी फोकसची जागा जेमतेम चार बोटांची. माणूस जरा पुढे झुकला की गेला. आणि मामा तर गाताना डोलतो.
पण गायला! बसक्या घशातून कुठून आणला कोण जाणे. 'पुसला अंगठा मायनं, पुसला अंगठा...' आजी जन्मभर मजुरीच्या कागदावर अंगठा लावायची, म्हातारपणी रात्रीच्या वर्गात जाऊन सही शिकली. त्यावर मामानं तरुणपणी रचलेलं हे गाणं. मध्येच थांबून आजीची गोष्ट सांगितली, पुन्हा उचललं. शेवटचं कडवं रिवाजाप्रमाणे त्यानं एकट्यानं म्हटलं. त्यात त्याचं नाव येतं, 'सुखदेव म्हणे...' रचणाऱ्याचं नाव आलं की गाणं संपलं. तोवर इथे कोणी जागचं उठत नाही.
मी रडलो. अंधार होता म्हणून बरं.

१२ ऑक्टो., रात्री पुन्हा
सगळं वाया गेलं. कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या स्क्रीनवर ठीक वाटत होतं. कॉम्प्युटरवर लावलं तर पेटीच्या पट्ट्या लख्ख, मामाचं नख न् नख दिसतंय, आणि चेहरा लोण्याचा गोळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवट तरी कुठे आहे? गोष्ट लांबली आणि बारा मिनिटं तिथेच भरली. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका विझलेला मला दिसलाच नाही. शेवटचं कडवं नाही. मामाचं नाव नाही.

१३ ऑक्टो.
सकाळी मामाचा फोन. "आलं का रे?"
म्हणालो, "एकदम साफ आलं, मामा."
का म्हणालो? तोंडातून निघून गेलं. "तू कारागीर मानूस हायेस बाप्पा," म्हणाला आणि खोकत बसला.

१६ ऑक्टो.
सुजातानं ते पाहिलं. जेवायला वाढलं. मग भांडी घासता घासता: "सांगून टाका. अजून दिवस हायेत."
दिवाळीच्या फोटोंची गर्दी आहे, दोन दिवसांनी सांगतो म्हटलं. गर्दी कसली, चार कुटुंबं.

१९ ऑक्टो.
नाही सांगितलं. रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. मामाच्या जागी दुसरा कोणी असता तर सरळ सांगितलं असतं, आपलाच माणूस आहे म्हणून जीभ उचलत नाही. रात्री झोप नाही.

२२ ऑक्टो., बुधवार
दिवाळी सरत आली. आज फोनवर मामी. मामाचा आवाज आणखी खाली गेलाय, डॉक्टरांनी बोलणंसुद्धा कमी करायला सांगितलंय. "बरं झालं तुमी येऊन गानं घेऊन गेलते, राजूभाऊ. आता काही खरं नाही."
फोन ठेवल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिथेच बसून राहिलो. दहा दिवस. माझ्या शेखीपायी मामाचे दहा दिवस गेले. गाडी काढली आणि सरळ किन्हीराजा गाठलं.
मामा बाजेवर पडलेला. सांगितलं सगळं. फोकस, कडवं, चष्मा, खोटं बोललो ते. त्यानं ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात, "तू मोबाईल असा लांब धरून नंबर पाहतं. मले का दिसत नाही? म्या म्हनलं, सांगीन कवातरी. मंग काहून नाही सांगतलं बे?"

"शुक्रवारी ये," म्हणाला. मामी रागानं आत निघून गेली. तिचं बरोबरच आहे.

२३ ऑक्टो.
दिवसभर तयारी. अंगणात सुजाताला खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्यापासून तिच्या नाकापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. तेवढ्या अंतरावर फोकस पक्का करून रिंगवर तिच्या नेलपॉलिशची खूण केली. आता डोळ्यांवर भिस्त नाही, सुतळीवर आहे. "इतके दिवस हे सुचलं नाही?" म्हणाली. चष्मा तिनंच खिशात घातला.

२५ ऑक्टो., शनिवार
काल रात्री. चष्मा लावूनच विहारात गेलो. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. फक्त मामा: "आता कसा मास्तर दिसून राह्यला." सुतळी त्याच्या नाकाला लावली तर म्हणे, "गोऱ्ह्याले बांधतं का?" पाठीमागे भिंत दिली, डोलायला जागा ठेवली नाही. स्क्रीनवर पाहिलं, पापणी न् पापणी दिसत होती. इतका म्हातारा कधी झाला हा?
मामीनं गरम पाणी दिलं. सुरुवात केली. पहिलं कडवं आलं. दुसरं फाटत फाटत. तिसऱ्यात आवाज मधेच गेला. कोरसनं उचललं, बायकांनी उचललं, गाणं पडू दिलं नाही. पुढची दोन कडवी लोकांनीच म्हटली. मामा पेटी वाजवत त्यांच्याकडे पाहत होता.
मग शेवटचं. ते त्याचं एकट्याचं. लोक थांबले. मामानं तोंड उघडलं. हवा आली नुसती. परत प्रयत्न केला. मग मान हलवली आणि पेटीचा भाता दाबून बंद केला.
कॅमेरा चालू होता. मी थांबवला नाही. सगळे बसलेले, रातकिडे, मामाचा चेहरा एकदम साफ. बारा मिनिटं भरली तेव्हा लाल ठिपका विझला. या वेळी विझताना पाहिला.
कोणी उठेना. नाव आलं नव्हतं ना. शेवटी मामीच म्हणाली, "चला, सकाळी सोंगनीले जा लागते." तेव्हा एकेक जण उठला.

२७ ऑक्टो.
अकोला. साडेतीन तास आत होता. गाठ काढली. ती तपासायला पाठवली आहे. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, आवाजाचं त्यानंतर.
मामी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर पुढे सरकवली.

३१ ऑक्टो., शुक्रवार
वॉर्डात मामाला दोन्ही व्हिडिओ दाखवले. पहिल्यात आवाज आहे, चेहरा नाही. दुसऱ्यात चेहरा आहे. त्यानं पहिला डोळे मिटून ऐकला. दुसरा पूर्ण बघितला, शेवटची शांतताही. मग खूण करून वही मागितली.
बराच वेळ लिहीत होता. शेवटचं कडवं, चारही ओळी. अक्षर सुवाच्य. चौथ्या ओळीत 'म्हणे' लिहिलंय, त्याच्या आधी दोन बोटं कोरी जागा. नाव नाही.
वाटलं, थकला असेल. पेन पुन्हा हातात दिलं, कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मामानं पेनाचं टोपण लावलं, ते माझ्या शर्टाच्या खिशाला अडकवलं आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. मग भिंतीकडे तोंड करून झोपला.
'मी परत येऊन गाईन' असं सांगायचं होतं, की 'नाव तू भर' असं? विचारणार कसं, बोलायला बंदी आणि पेन तर त्यानंच मिटून परत दिलेलं. मामीला विचारलं तर तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मले काय माईत. तुमीच सांगा."
रात्री घरी आलो. त्या कोऱ्या जागेत काही लिहिलं नाही. कॅमेऱ्याच्या दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. रिंगवरची नेलपॉलिशची खूण तशीच ठेवली आहे.